एक पाच लाख फुकटचे, एक विकतचे

वाचकाचं पत्र:

सप्रेम नमस्कार. वय ५२. शिवाजी उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे, चार पोरं कामाला आहेत. घरी पत्नी (वय ४८, शुगरच्या गोळ्या चालू) आणि आई (वय ७३, गुडघे दुखतात). २०१९ पासून तिघांची मिळून पाच लाखांची फ्लोटर पॉलिसी आहे. हप्ता वाढत वाढत ६१ हजारांवर गेलाय, मार्चअखेरीस भरायचा आहे. रेशनकार्ड पांढरं. आता जो तो म्हणतो, सरकारच पाच लाख देतंय, तुम्ही ६१ हजार कशाला घालवता? त्यात पलीकडच्या वर्कशॉपवाल्याचा मांडीचा हाडमोड झाला. त्याची पॉलिसी तीन लाखांची, बिल २ लाख ४० हजार, कंपनीने दिले १ लाख ७६ हजार. का, तर खोली जरा बरी घेतली. आणि परवा कागद चाळताना दिसलं, आमच्या फॉर्मवर पत्नीच्या शुगरच्या रकान्यात एजंटाने ‘नाही’ लिहिलंय. तेव्हाही गोळ्या चालू होत्या. पॉलिसी सोडून देऊ का? सरकारी योजनेवर भरवसा ठेवावा का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर:

या मार्चला पॉलिसी सोडू नका. त्याचं सगळ्यात मोठं कारण तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंय, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

फॉर्मवर शुगर लपली, तर कंपनी पुढे ‘आजार दडवला’ म्हणून दावा नाकारू शकते, पॉलिसीही रद्द करू शकते. पण याला मुदत आहे. आरोग्य पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली की माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनीला दाव्यावर बोट ठेवता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. ही मुदत पूर्वी आठ वर्षांची होती, विमा नियामक आयआरडीएआयने २०२४ मध्ये ती पाच वर्षांवर आणली. तुमची पॉलिसी २०१९ ची, मध्ये खंड नसेल तर पाच वर्षं होऊन गेली. म्हणजे एजंटाच्या त्या एका ‘नाही’चा धोका तुम्ही हप्ते भरत भरत बराचसा मागे टाकलाय, आणि नेमक्या याच वेळी पॉलिसी सोडायचा विचार करताय. उद्या पुन्हा घ्यायची म्हटलं तर शुगर लिहावी लागेल. आधीपासूनच्या आजाराला ३६ महिन्यांपर्यंत थांबायला लावता येतं, ते नव्याने सुरू होईल. ही पाच वर्षंही शून्यापासून मोजली जातील.

एक पोटकलम लक्षात ठेवा. मध्यंतरी विम्याची रक्कम वाढवून घेतली असेल, समजा तीनाची पाच लाख केली असेल, तर वरच्या दोन लाखांचे ६० महिने वाढवल्याच्या तारखेपासून धरतात. जुन्या पॉलिसीचे सगळे कागद काढून रक्कम कोणत्या साली किती होती ते एका कागदावर मांडा.

आता सरकारी पाच लाखांकडे येऊ.

आपल्याकडे अजूनही निम्मे लोक ‘जीवनदायी’ म्हणतात, बाकीचे ‘फुले योजना’ नाहीतर ‘आयुष्मान’. गोंधळ स्वाभाविक आहे. २०१२ साली काही जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं, आणि २०१८ ची केंद्राची आयुष्मान भारत योजना १ एप्रिल २०२० पासून तिच्याशी जोडली गेली. फुले योजनेतलं संरक्षण कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं होतं, आणि ते पिवळ्या-केशरी कार्डांना. पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही लाभ होता, पण तो विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांपुरता. कोल्हापूर त्यात नव्हतं. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने रक्कम पाच लाख केली, सर्व शिधापत्रिकाधारकांना घेतलं, आणि अंमल १ जुलै २०२४ पासून सुरू झाला. त्यामुळे तुमच्या पांढऱ्या कार्डाला आज हक्क आहे. लोक सांगतात ते खोटं नाही, अर्धवट आहे.

अर्धवट का, तर दोन्हीकडे आकडा पाच लाखांचाच असला तरी त्यातून मिळणारी वस्तू वेगळी आहे. पॉलिसी बिलाचे पैसे देते. योजना ठरलेल्या यादीतला ठरलेला उपचार, यादीवरच्या रुग्णालयात, ठरलेल्या पॅकेजमध्ये करून देते. २०२३ च्या निर्णयात १३५६ उपचारांची यादी होती, त्यानंतर यादीत बदल होत आलेत. बायपास, कर्करोगाची केमो, डायलिसिस, मोठे हाडमोड अशा घर बुडवणाऱ्या गोष्टींसाठी योजना खरोखर भक्कम आहे. पॅकेजमध्ये जनरल वॉर्डचा बेड, तपासण्या, औषधं, शस्त्रक्रिया, इम्प्लांट, जेवण आणि घरी जायचं एका वेळचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंसुद्धा असतं. घरी सोडल्यावर दहा दिवसांपर्यंतची फेरतपासणीही त्यातच. आधीचा आजार असला तरी पहिल्या दिवसापासून चालतो. खासगी पॉलिसीत ही सोय इतक्या सहज मिळत नाही.

मात्र साधा ताप येऊन दोन दिवस सलाइन लागलं, शुगरच्या महिन्याच्या गोळ्या, ओपीडीची फी, स्वतंत्र खोली, तुमच्याच नेहमीच्या डॉक्टरांकडे शस्त्रक्रिया करायचा हट्ट, यांपैकी काहीही योजनेतून होणार नाही.

भरवशाचा प्रश्न तुम्ही बरोबर विचारलात. योजना कागदावर बंद पडेल ही भीती बाळगू नका. बारा-तेरा वर्षांत नावं बदलली, रक्कम वाढली, योजना चालूच राहिली. काळजी दुसरीच आहे: ऐन वेळी हव्या त्या रुग्णालयात ती मिळेल का? पॅकेजचे दर शासनाने ठरवलेले असतात आणि पैसे मागाहून येतात. दर परवडले नाहीत किंवा पैसे रखडले की रुग्णालय रुग्णाला नाही म्हणत नाही, ‘योजनेचे बेड भरलेत’ म्हणतं. शिवाय ‘यादीवर आहे’ एवढं ऐकून भागत नाही. रुग्णालयाची नोंदणी विशेषतेनुसार असते. हाडांसाठी नोंदलेल्या ठिकाणी हृदयाचा उपचार योजनेतून होत नाही, भले तिथे हृदयरोगतज्ज्ञ बसत असोत. काही उपचार फक्त शासकीय रुग्णालयांसाठी राखून ठेवलेत. आईच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया योजनेतून करायचा विचार असेल तर तारीख ठरवण्याआधी आरोग्यमित्राला तीन गोष्टी विचारा: हा उपचार यादीत आहे का, या रुग्णालयाला तो करायची परवानगी आहे का, आणि योजनेतला बेड कधी मिळेल. आरोग्यमित्र योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात असतो, त्याचा कक्ष बहुधा केसपेपरच्या खिडकीजवळच सापडतो. कोल्हापूरच्या सीपीआर या शासकीय रुग्णालयातही आहे. लेथच्या चकमध्ये जॉब धरण्याआधी तुम्ही कॅलिपरने मोजून घेता, ही चौकशी त्याच जातीची. ती आता, घरात सगळे धडधाकट असताना करायची असते.

कागदांचं म्हणाल तर सगळ्यात जास्त माणसं इथेच अडतात. रेशनकार्डावर ‘सुनंदा’, आधारवर ‘सुनंदाबाई’. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव कार्डावर चढवलेलंच नाही. पांढरं कार्ड धान्याला लागत नाही म्हणून वर्षानुवर्षं कपाटात, त्याची ऑनलाइन नोंदच नाही. पुरवठा कार्यालयात जाऊन कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांक आहे का, तिघांची नावं आणि आधार त्याला जोडलेत का, एवढं पाहून या. मग आयुष्मान कार्ड काढा. ते आयुष्मान ॲपवरून घरीही निघतं, नाहीतर सेवा केंद्रात, नाहीतर आरोग्यमित्राकडे. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीवर दहा मिनिटांचं काम. वयस्कर माणसांचे अंगठे उमटत नाहीत, तिथे चेहरा दाखवून ओळख पटवायचा पर्याय निवडा.

आईचं कार्ड मात्र वेगळं काढायचं. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड मिळतं. रेशनकार्डाच्या रंगाचा संबंध नाही, आधारवरचं वय तेवढं पाहतात. कुटुंब योजनेत आधीच असेल तर सत्तरीपुढच्यांना वरचे आणखी पाच लाख स्वतंत्र मिळतात, ते घरातल्या तरुणांना वापरता येत नाहीत. खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड मिळतं, त्यासाठी पॉलिसी सोडावी लागत नाही. अडचण एकच येते, पण वारंवार. जुन्या माणसांच्या आधारवर अंदाजे साल टाकलेलं असतं. आई ७३ ची आणि आधारवर ६८ ची असेल तर कार्ड निघणार नाही. दुरुस्तीला शाळेचा दाखला किंवा तसाच जन्माचा पुरावा लागतो आणि वेळ जातो, म्हणून आधार आजच बघा.

आता ६१ हजारांचं गणित. फ्लोटर पॉलिसीचा हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. म्हणजे तुम्ही आणि पत्नी पन्नाशीचे असून ७३ च्या दराने भरताय. हप्ता फुगण्याचं मुख्य कारण तुमच्या घरात आई आहेत हेच. (हे त्यांना वाचून दाखवू नका.) दुसरं, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. ६१ हजार हा आकडा जुना, करासह असेल तर मूळ हप्ता साधारण ५१,७०० होतो. आणि कर गेल्यावरही नव्या नोटिशीवर ६१ हजारच असतील, तर कंपनीने मूळ हप्ता जवळपास १८ टक्के वाढवलाय. मग कंपनीला लेखी कारण विचारा. जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठ नागरिकांच्या हप्त्यात वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढ करायची तर कंपनीने आधी आयआरडीएआयशी सल्लामसलत करायची असते. पत्रात तेवढा उल्लेख करा.

त्याच पत्रात दोन आकडे मागवा: तुम्हा दोघांच्या फ्लोटरचा हप्ता किती, आणि आईंना त्याच कंपनीत, जुनं सातत्य राखून, वेगळ्या पॉलिसीत नेलं तर तिचा किती. सातत्य राखून हे शब्द विसरू नका. नाहीतर नव्या पॉलिसीच्या प्रतीक्षा मुदती पुन्हा लागू होतील. आईंची वेगळी पॉलिसी झेपत असेल तर या वर्षी तरी ठेवा. झेपत नसेल तर आधी वय वंदना कार्ड हातात येऊ द्या, तुम्ही खरोखर जाल अशा दोन रुग्णालयांत ते चालतं का याची खात्री करा, आणि मगच आईंचं नाव कमी करा. ७३ व्या वर्षी बाहेर पडलेल्या माणसाला परत आत घ्यायला कंपन्या फार उत्सुक नसतात. वयाची वरची मर्यादा नियमातून गेली असली तरी वैद्यकीय तपासणी आणि हप्ता यांच्या आडून नकार देता येतोच.

कंपनी बदलायची तर पोर्टिंग करा, म्हणजे जुनं सातत्य घेऊन दुसऱ्या कंपनीत जा, बंद करून नवी घेऊ नका. अर्ज मुदत संपायच्या किमान ४५ दिवस आधी टाकायचा, म्हणजे तुमच्या बाबतीत फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. नवा फॉर्म येईल त्यात शुगर, गोळ्यांची नावं, केव्हापासून, सगळं स्वतःच्या हाताने लिहा. एजंटाला रिकाम्या फॉर्मवर सही देऊ नका. नवी कंपनी नाही म्हणू शकते, म्हणून तिचा लेखी होकार येईपर्यंत जुनी सोडायची नाही. मार्चमध्ये पैशाची ओढाताण झाली तर वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते. त्यात भरलात तर सातत्य टिकतं, पण वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीत मधल्या दिवसांत कुणी दाखल झालं तर पैसे मिळत नाहीत.

शेजाऱ्याच्या बिलाचं कोडं सोपं आहे, पण ते उलगडून सांगायला रुग्णालयात कुणाला वेळ नसतो. तीन लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा बहुधा एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार. त्यांनी घेतली समजा पाच हजारांची, चार दिवस. लोकांना वाटतं वरचे दोन हजार गुणिले चार, आठ हजार आपण भरू. तसं होत नाही. तीन हजार भागिले पाच हजार म्हणजे ६० टक्के, आणि हेच प्रमाण सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, डॉक्टरांच्या फेऱ्या या सगळ्यांना लागतं, कारण रुग्णालय हे दर खोलीच्या वर्गावर लावतं. ही रक्कम १ लाख २० हजार धरली तर कंपनी ७२ हजार देते, ४८ हजार कापते. त्याशिवाय खोलीचे आठ हजार. वर ग्लोव्हज, डायपर, नोंदणी शुल्क असल्या न मिळणाऱ्या बाबींचे समजा आठ हजार. एकूण कपात ६४ हजार. म्हणजे २ लाख ४० हजारांतले १ लाख ७६ हजारच मिळाले. आकडे मी जुळवलेत, पण कापणी याच पद्धतीने होते.

यात त्यांनी एक गोष्ट तपासायला हवी. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांट, म्हणजे त्यांच्या मांडीतला रॉड, यांवर ही प्रमाणशीर कात्री चालवता येत नाही. आयसीयूच्या आकारावरही नाही. आणि जे रुग्णालय खोलीनुसार दर बदलतच नाही, तिथे ती लावताच येत नाही. कंपनीकडून कपातीचा तपशील मागवून रॉड कोणत्या रकान्यात बसवलाय ते पाहायला सांगा. कधीकधी सगळं बिल एका फटक्यात ६० टक्क्यांवर आणलेलं असतं.

तुमच्या पॉलिसीत अशी मर्यादा आहे का ते पहिल्या दोन पानांच्या तक्त्यात दिसेल, ‘खोलीभाडे’ ओळ शोधा. असेल तर पोर्ट करताना मर्यादा नसलेली पॉलिसी बघा, किंवा दाखल होताना बिलिंगच्या टेबलावर ‘माझी मर्यादा इतकी, त्यातलीच खोली द्या’ असं सांगून घ्या. ती खोली शिल्लक नाही म्हणून वरची दिली, तर तसं रुग्णालयाच्या शिक्क्यानिशी लिहून घ्या. पुढे भांडायला हा कागद उपयोगी पडतो.

कॅशलेसचे वेळेचे नियमही पाठ असू द्या. दाखल होतानाच्या मंजुरीवर कंपनीने एका तासात उत्तर द्यायचं, आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीला तीन तासांपेक्षा जास्त लावायचे नाहीत. उशिरामुळे रुग्णालयाने जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीने भरायचे. सकाळी दहाला ‘घरी जा’ म्हटलं आणि संध्याकाळी सातपर्यंत बसवून ठेवलं, तर त्यात रुग्णालयाने कागद किती वाजता पाठवले हे आधी विचारा. बऱ्याचदा अर्धा दिवस तिथेच गेलेला असतो.

दावा नाकारला तर ‘कंपनीने नाही म्हटलं’ यावर थांबू नका. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी, मग आयआरडीएआयचं ‘बीमा भरोसा’ पोर्टल किंवा टोल फ्री १५५२५५, आणि महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. कोल्हापूर पुण्याच्या लोकपालाकडे येतं. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जायला हवं.

योजनेच्या रुग्णालयात पैसे मागितले तर रस्ता वेगळा. ‘आधी डिपॉझिट भरा, मंजुरी आली की परत देऊ’ हे नेहमीचं वाक्य. भरावंच लागलं तर पक्की पावती घ्या, चिठ्ठीवर नाही. पावतीशिवाय तक्रारीला पाय नसतात. मग आरोग्यमित्र, आणि त्याच दिवशी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर तक्रार, तक्रार क्रमांक लिहून ठेवा. रुग्ण अजून बेडवर असताना केलेल्या तक्रारीला जेवढी धार असते, तेवढी घरी आल्यावर राहत नाही. आणि एकाच उपचाराला योजना आणि पॉलिसी दोन्ही लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. दाखल होतानाच एक ठरवा. योजनेचं पॅकेज घेतल्यावर वरचे पैसे मागायचा रुग्णालयाला अधिकार नाही, त्यामुळे पॉलिसीला द्यायला बिलही उरत नाही.

पत्नीच्या रोजच्या गोळ्यांचा खर्च दोन्हीकडून भागणार नाही, तो जनऔषधी केंद्रातून निम्म्याखाली येऊ शकतो. फक्त डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव आणि मात्रा लिहून घ्या. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. सीपीआर वैद्यकीय महाविद्यालयाचं, त्या विभागाखाली येत नाही, म्हणून तिथले दर खिडकीवर विचारून घ्या.

राहिली वर्कशॉपमधली चार पोरं. त्यांची कार्डं पिवळी किंवा केशरी असतील तर योजनेत ती तुमच्याआधीपासून आहेत, फक्त आयुष्मान कार्ड काढलंय का ते विचारा. धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखीव असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. माणूस स्ट्रेचरवर असताना तो काढायला धावपळ होते, तेव्हा एखाद्या सोमवारी, उद्यमनगरला सुट्टी असते त्या दिवशी, चौघांना मिळून पाठवून द्या.